दिराच्या लग्नापुरती कातडी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. त्यांच्यावर पांढऱ्या खपल्या धरत आणि अंथरुणात कोंड्यासारख्या गळत. सासूनं माझं ताट वेगळं केलं, मग नवऱ्यानं खाट. नागरा गावातल्या त्या घरी धानाची शेती होती. रोवण्याला, रोपं लावायला चिखलात उतरायला मात्र मला कोणी मना केलं नाही.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं. सासू माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, "पाहुणे येतीन. इले असं कसं दाखवाचं? काही कर, नाही तं माहेरी नेऊन टाक."

नवऱ्यानं बाजारातल्या एका दवावाल्याकडून बारीक गोळ्या आणल्या. बघता बघता चट्टे विझले. लग्नात मी अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलं, पंगतीत भात वाढला. सासू शेजारणीला म्हणाली, "मोठी सून कामाची हाय आमची." त्या घरात मला इतकं बरं आधी कधी वाटलं नव्हतं.

नवी सून घरात आली आणि गोळ्या बंद झाल्या. नवरा म्हणाला, "आता कोण पाहून राहिलं तुले?"

मग अंगच पेटलं. पाठ, पोट, चेहरा, सगळं लाल. अंगाला लुगडं टेकववत नव्हतं, भर उन्हात हुडहुडी भरत होती. भावानं मला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. मागून नवरा आणि सासूही आली.

"हा शिवल्यानं लागणारा रोग नाही," डॉक्टर आधी म्हणाले. मग समजावून सांगितलं. अंगातल्या रक्षक पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. हिच्या अंगात जखम नसतानाच निरोप सुटतो, जखम झाली, नवी कातडी बनवा. कातडी घाईनं बनते, जुनी गळायच्या आत वर येते आणि थर साचतो. ती सुजलेली कातडी उलट आणखी निरोप धाडते. "गोळीनं ते दबले होते. एकदम बंद केली, म्हणून सगळे एकदम उसळले."

सासूनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे इचंच अंग इले खाऊन राहिलं. लेकराले लागंन का?"

"लागेलच असं नाही, पण होऊ शकतं. आणि हे नवं औषध चालू असेपर्यंत दिवस राहायला नकोत."

सासू उठली. ते दोघं नागऱ्याला गेले, मी मुर्रीला, माहेरी.

औषधानं अंग हळूहळू निवळलं. पुढच्या कापणीनंतर नवरा फारकतीचं बोलायला आला. तोवर त्यानं दुसरी आणली होती. माझ्या हातांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"साफ झाली तू," तो म्हणाला. "मंग तवाच काऊन नाही झाली?"

"गोळी कोणं बंद केली?" मी विचारलं.

तो आईनं ठेवलेला चहा प्यायला आणि गेला.

चट्टे अजून येतात, थंडीत जास्त. मी दवाखान्यात जाते, औषध घेते. घरात कधी माझ्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली, की भावजय फक्त माझ्या कोपरांकडे पाहते.