दिल्लीचा फलक

शाळेत सरांनी घटक राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश अशा दोन याद्या आमच्याकडून घोकून घेतल्या होत्या. त्यांच्यामुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो, म्हणून त्यांचा शब्द मला प्रमाण. टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या मंडळाने प्रजासत्ताक दिनाला मुलांचं संचलन ठरवलं. प्रत्येक मुलाच्या हातात एका राज्याचा फलक. यादी करणं आणि नावं पुकारणं माझ्याकडे आलं. वर 'फक्त घटक राज्यं' असा नियम लिहून मी पहिली यादी उतरवली. दिल्ली दुसऱ्या यादीत होती.

प्रोजेक्टवरचा माझा एक सहकारी दिल्लीत वाढलेला मराठी माणूस. आपण दिल्ली होणार असं त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने आजोबांना फोनवर सांगूनही टाकलं होतं.

"अरे, आमचं गावच गाळलंस?" तो म्हणाला.

ते पूर्ण राज्य नाही, असं मी त्याला अगदी मास्तरकीने समजावलं.

स्टेशनकडे चालताना त्याने सांगितलं, की त्यांच्या घरी चोरी झाली तेव्हा पोलीस तक्रार घेईनात. वडील आमदाराकडे गेले. आमदार म्हणाले, पोलीस केंद्राचे, माझं चालत नाही. खासदारांनी पुन्हा आमदाराकडेच धाडलं. "मत दोघांनाही दिलं होतं बाबांनी," तो म्हणाला.

मला माझीच चीड आली. आमच्या तालुक्याचं वसतिगृह बंद पडायला आलं, तेव्हा आमच्या आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारला आणि ते वाचलं. तिथे राहूनच मी शिकलो. हा हक्क सगळ्यांनाच असतो असं मी धरून चाललो होतो. दिल्लीकरांनी काय कमी कर भरला होता? आणि आम्ही राहत होतो तीही राजधानीच होती. इथले लोक आपला गव्हर्नर निवडत होते आणि त्याने देशाचं काही बिघडत नव्हतं.

मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते एका बँकेचे वरिष्ठ अधिकारी, वयाने मोठे.

"अहो, दिल्ली सगळ्या देशाची," ते समजुतीने म्हणाले. "मुलीला 'भारत' लिहिलेला फलक द्या. सगळ्यांच्या पुढे चालेल, मानच आहे तो."

"सगळ्यांची म्हणून तिथल्यांची नाही का?" मी विचारलं. त्यांच्याशी मी प्रथमच असा बोललो. ते हसले आणि सभागृहाच्या खुर्च्यांविषयी बोलू लागले.

मुलीला तो मान सांगितला, तर ती जपानीतच म्हणाली, "नांदे?" का म्हणून? त्याच संध्याकाळी मी दिल्लीचा फलक रंगवला.

कार्यक्रमात वर्णानुक्रमाने नावं पुकारताना त्रिपुरा झालं आणि मी कुणाला न विचारता माइकवर "दिल्ली" म्हणालो. ती फलक छातीशी धरून आली. टाळ्या पडल्या.

नंतर कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरताना अध्यक्ष जवळ आले. "नियम तुम्हीच लिहिलात आणि तुम्हीच मोडलात."

"चुकीचा लिहिला होता," मी म्हणालो.

मंडळाच्या पुढच्या महिन्याच्या पत्रकात संचलनाचा फोटो आला. त्यात ती होती. खाली सहभागी राज्यांची नावं छापली होती, त्यांत दिल्ली नव्हती. मी फोन केला, तर अध्यक्ष म्हणाले, छापील गोष्ट घटनेप्रमाणेच हवी.

आजोबांना पाठवायला सहकाऱ्याने ते पत्रक मागितलं. ऑफिसातली कात्री घेऊन त्याने फोटो नीट कापून घेतला आणि यादीचा उरलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.