टेबलाखालचा पायगुण

डिझाईनबाईंनी पायगुणला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता. निदान बाईंची तशी बालंबाल खात्री झाली होती.

गाद्यांच्या कारखान्याच्या कचेरीत तो त्यांचा पहिला दिवस. नवी पर्स, नवी पेन्सिल आणि नवा उत्साह घेऊन त्या आपल्या टेबलाशी आल्या, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. आणि पाय तरी केवढे! बाईंच्या टेबलाखालून निघालेले ते थेट विक्री विभागाच्या हद्दीत जाऊन पोचले होते. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता आणि तो हलत नव्हता. बाईंनी किंकाळी फोडली. ती अशी की खाली कापूस पिंजणारं यंत्र थबकलं आणि समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्याने भलतीच दाढ उपटली. दाढेचं नक्की माहीत नाही, पण कचेरीत पुढे हे असंच सांगितलं जायचं.

गंमत म्हणजे त्या किंकाळीने कचेरीतलं एकही डोकं वर झालं नाही. विक्रीसाहेब फोनवर कोणाला तरी "शब्द म्हणजे शब्द" असं सांगत ते पाय ओलांडून निघून गेले. कोणीतरी तर त्या पायांवर फायलींचा गठ्ठा ठेवला होता.

मग पाय बोलले.

"मॅडम, ओरडायचं तर खुशाल ओरडा. फक्त निळ्या वायरीवर उभ्या राहू नका."

हा पायगुण. त्याचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं, पण ओळखपत्र गळ्यात आणि गळा कायम टेबलाखाली. त्यामुळे ते वाचायची संधी कोणाला मिळाली नाही. हे नाव विक्रीसाहेबांनी ठेवलं. माणसाचे दिसतात ते फक्त पाय, आणि ते पाय दारातून आत आले की सकाळपासून रुसून बसलेला कॉम्प्युटर शहाण्या बाळासारखा चालायला लागतो. तक्रार करणारा तोंडावर पडतो. "अहो, देवाशपथ, आत्तापर्यंत बंद होता!" असं म्हणत तो बटणं बडवत राहतो आणि कॉम्प्युटर हसतमुखाने सगळं करून दाखवतो. पायगुण म्हणायचा, "घाबरतो तो मला. तुम्हाला सवय झालीय."

त्याचं शास्त्र साधं होतं. मुळापासून वर जायचं. वीज आहे का? वायर खोचलेली आहे का? वायरीच्या भोकाशी हिरवा दिवा लुकलुकतोय का? कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय का? हे सगळं झाल्याशिवाय तो पडद्याकडे बघतही नसे. आणि फोनवरून विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं: "बंद करून चालू करा." त्यामागेही त्याचं तत्त्वज्ञान होतं. "दिवसभर माणूस दहा गोष्टी डोक्यात घेऊन फिरला की भंजाळतो की नाही? मग रात्री झोपतो, सकाळी बरा असतो. मशीनला झोप कोण देणार? आपणच ना!" गाद्या विकणाऱ्या कंपनीला हे तत्त्वज्ञान इतकं पटलं होतं की, कचेरीत जरा काही अडलं की लोक हात आधी बटणाकडेच न्यायचे. लिफ्ट अडकली तेव्हाही मालकांनी, "बंद करून चालू करून बघितली का?" असं विचारलं होतं.

घरी मात्र त्याची अवस्था सुईण बाळंत व्हावी तशी. बायको म्हणायची, "गावभरचं नेट चालवतात, आमच्या स्वयंपाकघरात मात्र व्हिडिओ गोल गोल फिरतोय." वहिनीचा प्रिंटर, मामेभावाचा लॅपटॉप, मावससासऱ्यांचा पासवर्ड, सगळं त्याच्याच गळ्यात. आईचे फोन तर डिझाईनबाईंनी टेबलावर काम करता करता टेबलाखालून कितीदा ऐकले होते.

"आई, डबीवर दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"कुठली डबी रे?"

"अगं, नेटची. टीव्हीच्या मागची."

"थांब, चष्मा आणते." मग बराच वेळ खुडबूड. "लाल आहे. पण छान दिसतोय हो."

"छान दिसायला नाही लावलाय तो! मागची वायर काढून परत खोच."

"काढली." आणि फोन बंद. आईने फोनची वायर काढलेली असायची.

असा हा मनुष्य. डिझाईनबाईंना तो आवडायचा, आणि म्हणूनच पुढचा घोळ झाला.

घोळाचं मूळ एका खांबात होतं. बाई गाद्यांच्या कापडावरच्या नक्ष्या काढायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे एक पाटी होती, पेनने वर चित्र काढलं की कॉम्प्युटरमध्ये जाणारी. ती बिनवायरी चालायची, पण बाईंचा कोपरा एका जाड खांबामागे आणि त्या खांबापलीकडे बिनवायरी नेट येतच नसे. पायगुणला सांगितलं तेव्हा तो खांबाला हात लावून म्हणाला, "हा खांब आणि मालक, दोघेही हलत नाहीत. अर्ज केलाय मी. बघू." हे "बघू" पावसाळ्यापासून चाललं होतं. त्याला रोज टोचणं बाईंना बरं वाटेना. त्यांच्या धाकट्या भावाने घरातली जुनी राउटरची डबी काढून दिली. "ताई, काही नाही, नुसतं खोचायचं."

बाईंनी संध्याकाळी सगळे गेल्यावर ती खोचली. डबीच्या पाठीला पाच भोकं होती. चार एका रंगाची, एक वेगळ्या रंगाचं. वायर एकच. बाईंनी बहुमताचा मान राखला आणि चारांतलं एक निवडलं. पाटी पटकन चालायला लागली. बाईंनी डबी कापडाच्या नमुन्यांमागे दडवली आणि गुणगुणत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले येणार होते. मोठी साखळी, शेकडो खोल्या, म्हणजे शेकडो गाद्या. दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या हॉलमध्ये भल्यामोठ्या पडद्यावर त्यांना नव्या नक्ष्या दाखवायच्या होत्या.

सकाळी पहिला बळी विक्रीसाहेबांचा. "पायगुणराव, नेट गेलं!"

"बंद करून चालू करा."

केलं. तरीही नाही. शेजारच्याचं चालू होतं. साहेबांची दशा बघून त्याने खबरदारी म्हणून आपलाही बंद करून चालू केला. त्याचंही गेलं. मग वणवा पेटला. ज्याचं चालत होतं तोही धास्तीने बटण दाबायचा आणि हात चोळत बसायचा. चहा येईपर्यंत अर्धी कचेरी आडवी झाली, आणि इतिहासात पहिल्यांदाच पायगुण टेबलाखालून बाहेर येऊन उभा राहिला आणि ओरडला, "कोणीही बंद करू नका! ज्यांचं चालू आहे त्यांनी हातसुद्धा लावू नका!"

लोकांना पुजाऱ्यानेच देवळाला कुलूप लावावं तसं वाटलं.

पायगुणने विक्रीसाहेबांच्या मशीनवर काळी खिडकी उघडली, त्यात काहीतरी टाइप केलं आणि भुवया उंचावल्या. "आपल्या मशीनचे पत्ते दहाने सुरू होतात. ह्याचा एकशे ब्याण्णवने. हा पत्ता आपल्या घरचा नाही. कोणी कालपासून नवीन काही लावलंय का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. "छे!" डिझाईनबाईही म्हणाल्या. डबी चांगली नऊ वर्षांची होती, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.

"म्हणजे झालंय काय?" मालकांनी येऊन विचारलं. ठेंगणे, गोल, आणि आज खास इस्त्री केलेले.

"मालक, असं बघा. सकाळी मशीन जागं झालं की ते ओरडून विचारतं, मी कुठे राहू? माझा पत्ता काय? आपल्याकडे ते सांगणारी एकच सासूबाई आहे, मागच्या खोलीत. पण आज घरात दुसरी सासू शिरलीय. नव्या सुनेने कोणाचं ऐकायचं? जी आधी बोलेल तिचं. आणि ही दुसरी सासू सुनांना अशा दाराशी नेऊन सोडतेय, ज्याच्यापलीकडे रस्ताच नाही."

"आणि जे चालू आहेत ते?"

"त्यांना जुन्या सासूचा पत्ता कालच मिळालाय. बंद करून चालू केलं की बिचाऱ्या परत विचारणार आणि फसणार. मीच सवय लावलीय ना!"

डिझाईनबाईंची नजर कापडाच्या नमुन्यांकडे गेली. दुसरी सासू त्यांच्या नमुन्यांमागे बसली होती आणि तिला त्यांनीच आणलं होतं.

मालकांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की लोक वर बघायचे. "हे बघा, कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीचा माणूस रोज फोन करतोय मला. त्यांना काम दिलं की पगारी माणूस लागत नाही, एक नंबर देतात, त्यावर फोन करायचा. हॉटेलवाले दुपारी येतायत आणि हॉलमधला पडदा बंद आहे. तोवर पडदा लागला नाही, तर उद्यापासून तो नंबर. मग तुमचे पाय तुम्ही घरी ठेवा."

पायगुण मोजे वर ओढून पुन्हा टेबलाखाली गेला.

बाईंनी ठरवलं, गुपचूप डबी काढायची, की प्रश्न मिटला. कोणाला कळणार? कापड बघण्याच्या मिषाने त्या वाकल्या, वायर उपसली, डबी पर्समध्ये कोंबली आणि खुर्चीत ताठ बसून चमत्काराची वाट बघू लागल्या.

काही झालं नाही. सासू गेली, पण फसलेल्या सुना तिने दाखवलेल्या दारातच उभ्या होत्या. कोणी त्यांना परत विचारायलाच लावत नव्हतं, कारण पायगुणने सक्त मनाई केली होती.

आणि पायगुणची तर पंचाईतच झाली. मागच्या खोलीत तो एकेक वायर काढून त्या चोर डबीला हाका मारत होता. आधी ती ओ देत होती, आता एकदम गप्प. "लपून बसली," असं पुटपुटत तो बाहेर आला.

"अहो, गप्प झाली म्हणजे गेली असेल," बाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या. "सगळ्यांना करायला सांगा ना बंद-चालू."

"एकावर करून बघितलं. खरा पत्ता मिळाला."

"मग झालं की!"

"सकाळीसुद्धा दोघा-तिघांना खराच मिळाला होता, मॅडम. नशिबाचा खेळ आहे तो. मी सगळ्यांना करायला सांगितलं आणि ती परत बोलायला लागली, तर आत्ता चालू आहेत तेही जातील. मग काय दाखवणार? डबी हातात आल्याशिवाय मी कोणाला बटण दाबू देणार नाही." आणि तो गुडघ्यांवर बसून पुढच्या टेबलाखाली शिरला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी पर्स पोटाशी धरली. आपणच सांगितलं तर मालक सगळ्यांसमोर सालटी काढणार, विक्रीसाहेब नवं नाव ठेवणार आणि ते निवृत्तीपर्यंत टिकणार. नाही सांगितलं, तर हा भला माणूस दुपारपर्यंत अशी वस्तू शोधत रांगणार जी जमिनीवर नाहीच. मालकांच्या काचेच्या खोलीतून आवाज आला, "हो हो, उद्यापासून तुमचाच नंबर."

बाई उठल्या. कचेरीच्या मधोमध आल्या, पर्स उघडली, आणि डबी विक्रीसाहेबांच्या टेबलावर ठेवली. शेपटासारखी वायर लोंबत होती.

"ही माझी. काल मीच लावली. मीच काढली. आणि मघाशी छे म्हणाले तीही मीच."

टेबलाखालून आधी पाय मागे सरकले, मग पायगुण बाहेर आला. त्याने डबी उलटी केली, भोकं बघितली.

"चारातलं लावलंत?"

"चार होती ना..."

"ते वेगळं एक लावलं असतं, तर ही सासू तुमच्या कोपऱ्यापुरतीच बोलली असती, कोणाला कळलंही नसतं."

"तुम्ही 'बघू' म्हणायचात. रोज रोज काय टोचायचं तुम्हाला?"

"टोचायचं ओ! टोचण्याचाच पगार घेतो मी." आणि मग तो छाती भरून ओरडला, "लोकहो! सगळे! बंद करून चालू करा!"

साठवलेली भूक सुटावी तसे लोक बटणांवर तुटून पडले. एकेक पडदा उजळत गेला. विक्रीसाहेबांनी तर आनंदाच्या भरात दोनदा केलं.

मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. "बाई, तुम्ही? तुम्ही?" एवढंच त्यांना चार वेळा म्हणता आलं. पाचव्यांदा म्हणायच्या आत खाली हॉटेलवाल्यांची गाडी लागली.

पडदा लागला होता. नक्ष्या झळकत होत्या. हॉटेलवाल्यांचा प्रमुख वयस्कर आणि प्रवासाने शिणलेला होता. तो पडद्याकडे पाठ करून "जरा बघतो हं," म्हणत नमुन्याच्या गादीवर टेकला आणि घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, "हीच द्या." नक्षी कुठली, हे त्याने विचारलंही नाही.

बाहेरच्या कंपनीला मालकांनी त्याच दिवशी नकार कळवला. पायगुणची नोकरी वाचली. पुढच्या वर्षी ती त्याने स्वतःच सोडली. एका शीतगृहात पगार थोडा बरा होता आणि ते घरापासून जवळ पडायचं.