फॉर्मवरचा चौथा खेळ

सित्राला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो फिटर माझ्या शेजारी बसायचा. रत्नागिरीकडचा; बोलणं मोजकं, हट्ट मात्र दांडगा. थंडी आली की बहारिनची नगरपालिका शुक्रवारी मैदानावर सगळ्यांसाठी खेळ भरवायची. फॉर्मवर फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल छापलेलं असायचं. हा त्याखाली पेनाने ‘कबड्डी’ लिहायचा. नगरपालिकेच्या कचेरीतला बहारिनी कारकून ते दरवर्षी खोडायचा. “मफी,” म्हणायचा. नाही म्हणजे नाही.

चौथ्या वर्षी मीही बरोबर गेलो होतो. कारकुनाने विचारलं, “बॉल नहीं, नेट नहीं, फिर खेल क्या है?”

याने बूट काढले. फरशीला हात लावून तो कपाळाला लावला आणि “कबड्डी कबड्डी” करत थेट काउंटरवर चाल केली. रांगेतले लोक हसले. मी लाजून भिंतीकडे बघत राहिलो. काउंटरला शिवून, दम न सोडता, तो दारापर्यंत परत आला.

“खलास, खलास!” पुरे, पुरे, असं कारकून म्हणाला आणि त्याने खेळाचं नाव लिहून घेतलं.

पहिल्या शुक्रवारी कारकून स्वतः मैदानावर आला. आखलेल्या रेषेपाशी थांबला, आणि कुणी न सांगता त्याने चपला काढल्या.