'नको' म्हणालेली केस

आमच्या कॉलेजात जैवनीतिशास्त्राचा वर्ग सुरू झाला, तेव्हा त्याचं उद्घाटन इतकं थाटात झालं की नीतीसाठी फारसा वेळ उरला नाही. समई, हार, शाल, नारळ, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, आणि त्या परिचयात राहून गेलेल्या गोष्टींची पाहुण्यांनी स्वतःच घातलेली भर. डॉक्टर हा पृथ्वीवरचा देव आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रात्यक्षिकासाठी वॉर्डातून आणलेले एक आजोबा तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर बसून होते. देवाचं भाषण संपेपर्यंत त्यांची चहाची वेळ टळली, आणि प्रात्यक्षिक पुढच्या शनिवारवर गेलं.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची धुळ्यातली गोष्ट. मी जळगावची, हॉस्टेलमधली माझी रूममेट असोद्याची, केळीवाल्या घरातली. आम्ही दोघीही शेवटच्या वर्षाला मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये एकदा नापास झालो होतो. मी अभ्यास न केल्यामुळे झाले होते, ती अभ्यास करून. बाहेरगावचा परीक्षक समोर उभा राहिला की तिची जीभ टाळूला चिकटायची. खोलीत मला अख्खं पुस्तक म्हणून दाखवणारी ही मुलगी त्या दिवशी रोग्याचं वयसुद्धा सांगू शकली नव्हती. आमची बॅच गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून इंटर्नशिपला गेली आणि आम्ही पुन्हा परीक्षेची वाट बघत बसलो.

"या खेपेला नाही झालं तर मी घरी जाणार," ती म्हणायची. "केळीला पाणी देत बसेन."

"तुमच्याकडे ड्रिप बसवलंय. तिथेही तुझी गरज नाही," मी म्हणायचे.

ती हसायची, पण तिचं बोलणं खरं होतं हे मला कळत होतं. पुन्हा नापास होण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता.

तर अशा रिकाम्या दिवसांत तो शनिवार दुपारचा वर्ग आला. हजेरी सक्तीची नव्हती आणि मार्कही नव्हते, त्यामुळे ज्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं एवढेच लोक येत. शिकवणारे सर न्यायवैद्यकाचे. म्हणजे ज्यांचे नेहमीचे रोगी तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेले असत, असे. जिवंत माणसाची परवानगी घ्यायला त्यांनी आम्हाला शिकवावं यात मला गंमत वाटायची. सर मात्र गंभीर होते. त्यांना मोठे शब्द आवडत नसत. स्वायत्तता, मानवी प्रतिष्ठा असं काही कुणी म्हणालं की ते खिडकीबाहेर बघत आणि शब्द संपले की विचारत, "ते ठीक. विचारलंत का?"

त्यांचा सगळा अभ्यासक्रम या दोन शब्दांत मावत होता. रोग्याला हात लावण्याआधी त्याला विचारायचं, का विचारतो ते सांगायचं, आणि उत्तर ऐकायचं. त्या काळी, आमच्याकडे काय आणि इतरत्र काय, हे कुणी करत नसे. राउंडच्या वेळी दहा-बारा जण खाटेभोवती गोळा व्हायचे, चादर दूर व्हायची, आणि पोटाविषयी इंग्रजीत चर्चा सुरू व्हायची. पोटाचा मालक छताकडे बघत पडलेला असायचा.

पहिल्या आठवड्यात आम्ही सांगितल्याप्रमाणे विचारत सुटलो. एका खाटेवर शिरपूरकडचा एक शेतकरी होता. त्याला सकाळपासून सात-आठ जणांनी अत्यंत गोडीने विचारलं, "भाऊ, तुम्हाला तपासलं तर चालेल का?" संध्याकाळी खाट रिकामी. शेजारच्या रोग्याने सांगितलं की डॉक्टर एवढं लाडाने बोलायला लागले म्हणजे आपलं काही खरं नाही, असं म्हणून तो एस.टी.ने घरी गेला, निदान मरण तरी घरी यावं म्हणून.

सरांना हे सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत. "विचारलंत. का विचारता ते सांगितलं नाहीत," म्हणाले. तो भाऊ पुढच्या आठवड्यात औषधासाठी परत आला, धडधाकट आणि थोडासा ओशाळलेला. त्याच शनिवारी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, आणि रोगी नको म्हणाला तर?"

"तर नको."

"परीक्षेत?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "परीक्षेत रोगी नको म्हणत नाहीत," ते म्हणाले. एवढ्या संशयी माणसाने इतका भाबडा अंदाज बांधलेला मी पुन्हा पाहिला नाही.

परीक्षा हिवाळ्यात आली. बाहेरगावच्या मुख्य परीक्षकांचं आगमन उद्घाटनाच्या पाहुण्यांना साजेसं झालं. हार तोच असावा असा मला संशय आहे. एक वॉर्ड परीक्षेसाठी घेतला होता. खाटेखाटेवर एकेक केस, म्हणजे परीक्षेसाठी बोलावलेला रोगी, आणि दर केसमागे एक घामाघूम विद्यार्थी. वॉर्डाच्या कोपऱ्यात परीक्षकांच्या जेवणाचं टेबल मांडलं होतं. ते जेवताना रोग्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून टेबलापुढे चाकांवरचा हिरवा पडदा उभा केला होता. पडद्यामागून वांग्याच्या भरताचा वास येत होता, आणि त्या वासाला पडदा लावायची सोय नव्हती.

माझ्या असोद्याच्या मैत्रिणीला जी केस मिळाली ती बघून मी मनात म्हटलं, सुटली. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या या अक्का आमच्या कॉलेजची नावाजलेली केस होत्या. त्यांच्या हृदयाच्या झडपेचा आवाज इतका स्पष्ट होता की आळशातल्या आळशी विद्यार्थ्यालाही तो ऐकू यायचा. पिढ्यान् पिढ्या डॉक्टर त्यांच्या छातीवर कान तयार करून गेले होते. माझी खाट शेजारचीच. तिच्यावर पोटातली प्लीहा वाढलेले एक आबा होते.

मैत्रिणीने स्टूल ओढलं, आपण कोण ते सांगितलं, आज परीक्षा आहे हे सांगितलं, आणि विचारलं, "अक्का, तुमची छाती तपासली तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा."

अक्कांनी पदर नीट केला.

"इतला साल व्हयनात," त्या म्हणाल्या, "बठ्ठा डाक्टर येतस, पदर सारतस, कान लावतस अन् जातस. कोनी इचारं नही. आते तू इचारी राहिनी तं सांगस. नको."

माझ्या हातातली टॉर्च खाली पडली. मी दबक्या आवाजात म्हटलं, "अगं, त्यांना नीट समजावून सांग."

"समजलंय त्यांना," ती म्हणाली.

"मग परत विचार."

"एकदा विचारलं, उत्तर आलं." तिने स्टेथोस्कोप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. "अक्का, मग नुसतं बोललं तर चालेल?"

"बोल ना. बोलाले कोन नही म्हणस? हात बी धर, नाडी पाही ले."

आणि दोघी बोलत बसल्या. दर वर्षी विद्यार्थी घाईघाईने दोन-चार प्रश्न टाकून छातीकडे वळत, कारण खरा खजिना तिथे आहे हे सगळ्यांना माहीत. या वेळी खजिना बंद. त्यामुळे लहानपणी सांधे सुजून अंथरुणाला खिळल्या होत्या तिथपासून, पहिल्या बाळंतपणात विहिरीवरून पाणी आणताना दम लागला तिथपर्यंत, आणि आता झोपताना दम कोंडू नये म्हणून उशाला किती गोधड्या लागतात इथपर्यंत सगळं निघालं. मैत्रीण बोटांनी नाडी धरून ऐकत होती, मानेकडे बघत होती, श्वास बघत होती. माझे आबाही कान देऊन ऐकत होते. मी त्यांचं पोट चाचपायला हात पुढे केला तर त्यांनी तो वरच्या वर थांबवला.

"माले बी इचार ना."

"आबा, पोट तपासू का?"

"तपास ना बाई. पन इचारी लेवानं," म्हणून त्यांनी मोठ्या मनाने सदरा वर केला.

थोड्या वेळाने परीक्षक आले. पुढे बाहेरगावचे, मागे आमचे, त्यामागे कागद धरलेला कारकून. मुख्य परीक्षकांनी मैत्रिणीकडे न बघताच स्टेथोस्कोप कानात घातला आणि अक्कांच्या पदराकडे हात नेला.

"सर," मैत्रीण म्हणाली, "त्यांनी नको म्हटलंय."

हात तिथेच अधांतरी राहिला. मला वाटलं, झालं, आता हिची जीभ चिकटणार.

"कुणी नको म्हटलंय?"

"पेशंटनी, सर. मी विचारलं होतं."

"मग तू तपासलं काय?"

"छाती नाही तपासली."

"परीक्षेतली मुख्य केस न तपासता तुला पास कसं करायचं?"

"मला जे माहीत आहे ते सांगते, सर. त्यावरून ठरवा."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. जीभ कुठे चिकटली नाही, की वाक्य अडलं नाही. अक्कांची हकीकत, नाडी, मान, श्वास. मग कुठली झडप अरुंद झाली असणार, छातीवर नेमक्या कुठल्या जागी आवाज मिळेल, तो कसा असेल, आणि कुशीवर वळवल्यावर कसा वाढेल. त्या वर्गाने तिला काय दिलं ते मला तेव्हा दिसलं. आधीच्या खेपेला तिला परीक्षकाला खूश करायचं होतं. या वेळी तिला अक्कांचा शब्द राखायचा होता, आणि त्यापुढे परीक्षक तिला एवढा मोठा वाटत नव्हता.

परीक्षकांनी नळ्या कानातून काढल्या. माणूस वाईट नव्हता. त्याला विचारायची सवय नव्हती, एवढंच. ते अक्कांकडे वळले आणि, माझ्या अंदाजाने आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाले, "बाई, आम्ही तपासू का?"

"ही पोर नापास व्हयी का?" अक्कांनी उलट विचारलं.

"ते तुमच्या हो-नाहीवर नाही. तिने सांगितलं त्यावर मी मार्क देणार आहे."

"मंग पहिले परदा आना," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा वॉर्डनी कसाले पाहो? ती पाही, मंग तुम्ही."

"पडदा लावा," परीक्षक म्हणाले.

सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तो जेवणाला लावलाय."

"मग काढा!"

वॉर्डबॉयने पडदा ओढला. त्याच्या चाकांना कित्येक वर्षांत तेल मिळालं नव्हतं. करकरत तो वॉर्डभर फिरत आला, आणि कोपऱ्यातलं टेबल उघडं पडलं. पातेलंभर भरीत, पुऱ्यांची चळत, कांद्याची पात, जिलबी, आणि कुणाची वाट न पाहता पुरीचा तुकडा तोंडात घातलेले आमच्याच कॉलेजचे एक परीक्षक. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. त्यांना गिळताही येईना आणि थांबताही येईना.

"जेवा साहेब, जेवा," माझे आबा म्हणाले. "आम्ही काही हात लावतस नही."

पडद्याआड अक्का, मैत्रीण आणि सिस्टर. आम्ही बाहेर. थोड्या वेळाने मैत्रीण बाहेर आली ती गालांना लाली घेऊन. तिने सांगितलं होतं तो आवाज, सांगितलं होतं त्याच जागी होता. परीक्षक आत जाऊन आले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"हे विचारायचं तुला कुठे शिकवलं?"

"शनिवारच्या वर्गात, सर."

"त्याला मार्क असतात?"

"नाही, सर."

"मग परीक्षेत एवढी जोखीम कशासाठी घेतलीस?"

"त्या नको म्हणाल्या ना," ती म्हणाली. दुसरं काही कारण असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तोवर बातमी खाटाखाटांवरून फिरली होती. पुढच्या प्रत्येक केसने आधी विचारून घेतलं. एकाने दोनदा विचारायला लावलं, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून. तो पडदा दुपारभर करकरत फिरत राहिला. परीक्षकांनी गार भरीत सगळ्यांच्या देखत खाल्लं, आणि मला वाटतं, ते त्यांना पचलंही.

निकाल लागला. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. मीही झाले; माझ्या मार्कांविषयी बोलायचं कारण नाही. असोद्याहून तिच्या वडिलांनी हॉस्टेलवर केळीचा घड पाठवला, एवढा मोठा की आमच्या मजल्यावर आठवडाभर कुणी दुसरं काही खाल्लं नाही. सरांना पेढा द्यायला गेलो, तर पेढा हातात धरून ते म्हणाले, "पण मला एक शंका आहे. अक्का शेवटी हो म्हणाल्या त्या तुझी कीव येऊन. ती खरी परवानगी धरायची का?"

"सर," ती म्हणाली, "मी पास झालेय. आता मला विचारू नका."

सर मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या एकदाच.

वर्गाचा समारोपही अर्थात थाटात व्हायचा होता. पाहुणे तेच. समारंभाच्या सकाळी मैत्रीण त्याच वॉर्डात इंटर्न म्हणून काम करत होती आणि मी तिला बोलावायला गेले होते. तेवढ्यात ऑफिसातला कारकून घाईने आला. स्टेजवर पाहुण्यांच्या मागची भिंत फार वाईट दिसतेय, तिथे लावायला हिरवा पडदा हवा होता.

पडदा एका खाटेभोवती होता. आत एक बाई तान्ह्या बाळाला पाजत होती.

सिस्टरांनी मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण कारकुनाला म्हणाली, "त्यांचा आहे तो सध्या. त्यांना विचारा."

"पडद्यासाठी पेशंटला विचारू?"

"विचारा ना. पाहुणे येताहेत हेही सांगा."

कारकुनाने घसा खाकरला, पडद्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि प्रमुख पाहुण्यांच्या पदापासून सुरुवात करून सगळं रीतसर सांगितलं. आतून बाळाची चुटचुट ऐकू येत होती.

"नको," आतून आवाज आला.

त्या संध्याकाळी पाहुणे रुग्णांच्या हक्कांविषयी तासभर बोलले. त्यांच्या मागे पोपडे उडालेली, खिळे निघालेली भिंत होती. पहिल्या रांगेत माझी मैत्रीण इतकं मन लावून ऐकत होती की पाहुण्यांनी तिचा खास उल्लेख केला. ती त्या भिंतीकडे बघत होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही.