रंगखात्याची उशी

कॉलेजात सगळे त्याला हरण म्हणायचे. आता हरणाचं पोट टेबलाला टेकत होतं, पण परदेशातल्या केबिनमध्येही खुर्चीमागे रिले शर्यतीचा तो जुना फोटो होताच: छाती पुढे, हात मागे पसरलेला, नजर समोर. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवायचा आणि टीमवर्कवर प्रवचन झोडायचा. बायको म्हणायची, "पुरे करा आता. फोटोतला माणूससुद्धा कंटाळला असेल."

खेळाडू म्हणून कंपनीत चिकटला, पाण्याचे कूलर विकत विकत वर चढला आणि शेवटी या समुद्रापलीकडच्या कारखान्याचा मुख्य झाला. वर चढायची त्याची युक्ती साधी होती. वरून हातात येईल ते घ्यायचं आणि पळत सुटायचं. काय दिलंय ते बघायचं नाही. मैदानावर याला शिस्त म्हणतात. ऑफिसात लाळघोटेपणा म्हणतात, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

कारखान्यात खात्याखात्यांची रिले त्यानेच सुरू केली होती. रंगखातं दरवर्षी शेवटचं. शेवटच्यांना बक्षीस म्हणून उशी, म्हणजे आता झोपा! लोक पोट धरधरून हसायचे. उशी तो स्वतःच्या हाताने द्यायचा, आणि देताना त्या माणसांच्या छातीतली शिट्टी त्याच्या कानावर पडायची. दमलेला श्वास कुठला आणि बिघडलेला कुठला, हे पळण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला डॉक्टरने सांगावं लागत नाही. रंगखात्यातली वाफ बाहेर ओढणारे पंखे निम्मे बंद होते. हरण मूग गिळून बसलं होतं.

यंदा मुख्य कचेरीतून मोठे साहेब शर्यत बघायला येणार होते. नवे पंखे मंजूर करणं त्यांच्याच हातात. रंगखात्याचा फोरमन, ज्याला सगळे मामा म्हणत, केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, आमच्या छातीच्या तक्रारी कागदावर त्यांना खऱ्या वाटत नाहीत. शर्यत झाली की त्यांना एवढंच विचारा, यांचं पळणं बघितलंत ना? आम्ही कसे येतो ते डोळ्यांनी दिसलं, की बाकी त्यांचं त्यांना कळेल."

"शर्यत संपली की लगेच बोलतो. शब्द दिला, मामा."

शर्यतीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर घामट, गुबगुबीत हात टाकला. "काय हरण! भिंतीवरच पळणार का? त्या रंगखात्यातल्या कासवांकडून शेवटचा टप्पा तुम्ही घ्या." त्याला त्या हाताची किळस आली. तरी "हो साहेब" म्हणून त्याने कोट काढला.

मामा त्याच्या आधीच्या टप्प्याला होता. हरण हात मागे करून "घे!" या हाकेची वाट बघत राहिलं. हाक आलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागे वळून पाहिलं. सगळ्यांच्या मागून मामा बरगडी दाबत येत होता. ओठ काळेनिळे, तोंड उघडं, पण हाक मारायला छातीत वारा नव्हता. बॅटन कसंबसं हातात आलं.

आता चालत गेला असता तरी चाललं असतं. चालतच जायला हवं होतं. पण लोक ओरडले, "हरण! हरण!" आणि या शहाण्याच्या डोक्यात हवा गेली. तो सुटला. गोदामाचा ढेरपोट्या मागे पडला, हिशेबखात्याचा कारकून मागे पडला. रंगखातं दुसरं आलं!

मोठे साहेब माइकवर खिदळले, "छातीच्या तक्रारी होत्या ना यांच्या? बघा, काय पळतंय रंगखातं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग माइक बाजूला धरून त्यांनी त्याला विचारलं, "काही बोलायचं होतं म्हणे तुम्हाला?"

लोक अजून त्याचं नाव घेऊन ओरडत होते. गळ्यात पदक होतं.

"नाही साहेब. विशेष काही नाही."

उशी गोदामवाल्यांना गेली. तो नळावर जाऊन तोंड धूत राहिला, पण स्वतःच्याच घामाची शिसारी जाईना. वर पाहिलं तर मामा भिंतीला टेकून उभा. रागावला नव्हता. रागवायलाही दम लागतो.

"साहेब," मामा थांबत थांबत म्हणाला, "आज आपल्याला हरायचं होतं हो."