घारीला दिसलेली होडी

धुकं विरत आलं होतं, पण हवा चिकट होती. युद्धनौकेच्या वरच्या कठड्याशी उभा राहून टेहळणीवाला दुर्बिणीच्या काचेवरचं खारं पाणी पुसत होता. सगळे त्याला घार म्हणत. पाण्यावरची रिकामी बाटलीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही, असा त्याचा लौकिक.

आदल्या दिवशी मात्र घारीचा पार पोपट झाला होता. आकाशात ठिपका दिसला म्हणून त्यानं बोंब ठोकली, आणि तो निघाला जहाजाचाच ड्रोन. जेवताना सगळ्यांनी त्याला सोलून काढलं. "आता आपली सावली दिसली तरी कळव हं," म्हणत आचाऱ्यानं वाढलं.

आज सराव होता. किनाऱ्यावरून चालवलेल्या, माणूस नसलेल्या होड्या जहाजावर चालून येणार आणि जहाजानं त्या लांबूनच हेरायच्या. खालच्या रडारच्या पडद्यांवर काहीच उमटत नव्हतं. घारीला लाटांत काहीतरी बुटकं, करडं दिसलं. सरळ इकडेच येत होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि कालचं हसणं कानात वाजलं. आपलंच असेल काहीतरी. मान फिरवून त्यानं नेहमीच्या सुरात कळवलं, "काही नाही."

होडी येऊन जहाजाच्या कुशीला थडकली, तिच्यावरची रंगाची पिशवी फुटली. रंग लागला की जहाज बुडालं, असा सरावाचा नियम.

"दिसलीच नाही, साहेब," त्यानं कप्तानांना सांगितलं. याला दिसली नाही तर माणसाचे डोळे आता कामाचे नाहीत, असं कप्तानांनी ठरवलं. टेहळणीवाले काढावेत, अशी शिफारस जाणार होती. सोबतचे टेहळणीवाले उलट त्याचीच समजूत घालत होते. ते त्याला जास्त झोंबत होतं.

जहाज धक्क्याला लागलं तसा भाचीचा फोन आला. ती किनाऱ्यावरच्या खोलीत बसून याच होड्या चालवायची. घरी दोघांची कायम जुंपायची. मामाचं जहाज म्हणजे तरंगता भोपळा, असं ती म्हणे, आणि तो तिच्या होड्यांना टबातली खेळणी म्हणे. आज तिचा आवाज दबलेला होता.

"मामा, कॅमेऱ्यात तुझं तोंड दिसलं मला. थेट माझ्याकडेच बघत होतास."

तो फोन घेऊन बाजूला सरकला.

"मला वाटलं, पकडली गेले. मग तू मान फिरवलीस. मी कुणाला सांगणार नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालपर्यंत त्याच्याशी भांडणारी पोर आज त्याला पाठीशी घालत होती.

जिना चढून तो कप्तानांच्या खोलीत गेला.

"दिसली होती, साहेब. पुन्हा हसतील म्हणून बोललो नाही."

कप्तानांनी चष्मा काढला. "आणि खरी असती तर?"

शिफारस मागे घेतो, बाकीचे राहतील, असं कप्तान म्हणाले. "तुम्ही मात्र उद्यापासून टेहळणीला वर चढायचं नाही."

"बरं, साहेब."

बाहेर येऊन सोबत्यांनाही त्यानं खरं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. मग त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बादली भरली आणि डेकवरचं मीठ घासायला घेतलं.