कॅसेटवरचं अर्धं नाव

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी एसटीच्या मागच्या बाकावर बसून शालन गात होती. नव्वद सालच्या सुमाराची गोष्ट. मी वाशीच्या बाजारात आधीपासून मापाडी होतो. काट्यावर माल चढला की वजन मोठ्यानं पुकारायचं, हे माझं काम. कोपरखैरण्यात एका खोलीचं घर मिळालं, म्हणून बायकोला आणि आठवीतल्या लेकीला, शालनला, न्यायला आलो होतो. माझी आई फाट्यापर्यंत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिकडं नाव राखून ऱ्हावा." आणि मग खिडकीतून शालनला, "आन तू जरा हळू गा, डायवर कट्टाळंल."

ड्रायव्हर कंटाळला नाही. कऱ्हाड येईपर्यंत त्यानं तिला दोनदा गायला लावलं.

गावातल्या आणि माझ्यासारख्याच इकडे आलेल्या माझ्या माणसांनो, पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. यंदाच्या जत्रेत तुम्ही मला शाल देणार आहात. कशासाठी, तर एका मापाड्यानं पोरीला गायिका केलं आणि वाईट नजर लागू नये म्हणून तिचं आडनाव जगापासून लपवलं. ही गोष्ट मी पंचवीसेक वर्षं ऐकून घेतली आणि कधी खोडली नाही. म्हणून आता लिहितो.

कोपरखैरण्यात तेव्हा चाळींसारख्या घरांच्या सगळ्या ओळी सारख्याच दिसायच्या. तोच रंग, तेच दार, तीच पाण्याची टाकी. पहिल्याच आठवड्यात शालन दूध आणायला गेली आणि हरवली. तिनं शोधाशोध केली नाही. एका पायरीवर बसली आणि मोठ्यानं गायला लागली. तिची आई आवाजाच्या मागानं गेली आणि तिला घेऊन आली. मी रागावलो, की चारचौघांत असं गातात का. ती म्हणाली, "आबा, आई म्हणून हाका मारल्या असत्या तर सगळ्याच आया बाहेर आल्या असत्या."

वाशीच्या कॉलेजात तिला नसीमा भेटली. पनवेलकडची, बागायतदार कोकणी मुसलमानाची मुलगी, गिटार वाजवायची. दोघी तिच्या माडीवर बसून गाणी जुळवायच्या. सिनेमातली नाहीत, स्वतःची. त्या वेळी टीव्हीवर असल्या गाण्यांची लाट आली होती. एक गायिका, एक गिटार, आणि गाणं कुठल्याच पिक्चरमधलं नाही. मला वाटायचं, पोरींचा खेळ आहे. मग एका कॅसेट कंपनीनं नव्या गायकांची एक कॅसेट काढली, आणि तिच्यात शालनचं गाणं पहिलंच होतं. हरवलेल्या पोरीचं. सारख्या दिसणाऱ्या इमारतींत एक मुलगी आपलं दार शोधते आहे आणि प्रत्येक दारातून तिला जेवणाचा वेगळा वास येतो आहे, एवढंच त्या गाण्यात होतं. कॅसेटवर त्या गाण्यापुढे छापलं होतं, शालन हणमंत जाधव. चित्रात एक मुलगी पाठमोरी, जीन्स घातलेली, केस मोकळे.

आपल्या गावच्या मुंबईकर मंडळाची महिन्याची बैठक तेव्हा पाळीपाळीनं एकेकाच्या घरी व्हायची. नव्या मुलांना हे सांगायला हवं, की मंडळ म्हणजे आमच्यासाठी काय होतं. नोकरीला चिकटवायचं मंडळानं, सोयरीक जुळवायची मंडळानं, माणूस गेला तर गाडी करून गावी न्यायचं मंडळानं. मंडळाबाहेर पडलेला माणूस या शहरात उघडा पडायचा. त्या महिन्यात पाळी आमची होती.

खोलीत मांडीला मांडी लावून सगळे बसले होते. तात्या आमच्यात वडीलधारे, मंडळाचा शब्द त्यांचा. त्यांनी खिशातून ती कॅसेट काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कुणीतरी मागून म्हणालं, जाधवांची लेक आता पँट घालून नाचती वाटतं. दोघेचौघे हसले. तात्या हसले नाहीत.

"हणमंता, ही पाठमोरी पोरगी तुजी हाय का?"

मी म्हणालो, "न्हाई. हणमंत जाधव काय मी एकलाच हाय व्हय? आपल्या तालुक्यात ढीगभर सापडतील."

त्याच वेळी शालन चहाचा ट्रे घेऊन आत आली. मोकळे सोडायची ते केस तिनं त्या दिवशी मंडळी येणार म्हणून वेणीत घातले होते. तात्यांनी तिलाच विचारलं, "पोरी, खरं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कपाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "आबा न्हाई म्हणत्यात तर न्हाई, तात्या." आणि तिनं सगळ्यांना चहा दिला. कुणाला बिनसाखरेचा लागतो तेसुद्धा ती विसरली नाही.

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. दोन दिवसांनी तिनं बॅग भरली. नेरूळला नसीमाच्या मावशीकडे राहणार होती. आईला सगळं सांगून झालं होतं. दारात मला म्हणाली, "पुढच्या कॅसेटवर नुसतं शालन छापायला सांगितलंय. तुम्हाला परत कुणी विचारायला नको."

पुढे पेपरवाल्यांनी लिहिलं, की एकच नाव ही तिची स्टाईल आहे. नव्या जमान्याची मुलगी, आडनाव टाकून दिलेली. तिनं टाकलं नव्हतं. मी काढून घेतलं होतं.

त्यानंतर ते हरवलेल्या पोरीचं गाणं आमच्या वाशीच्या बाजारात पोचलं. आधी एका टेम्पोच्या केबिनमधून ऐकू आलं, मग चहावाल्याच्या टेपवर. मग एक दिवस मी काट्यापाशी उभा होतो आणि गोणी पाठीवर घेतलेला एक माथाडी तीच चाल गुणगुणत माझ्यासमोरून गेला. बाजारातल्या या हमालांत कुणी इथल्याच दिघ्याचा, कुणी नावड्याचा, बरेचसे आमच्याच घाटावरचे. प्रत्येकजण या शहरात कधीतरी दार चुकलेला होता. माझ्या पोरीनं दूध आणताना जे सोसलं, ते त्या सगळ्यांच्या पाठीवर चढलं होतं आणि त्यांना हलकं वाटत होतं. मी जन्मभर ओरडून वजनं सांगितली. माझा आवाज दुसऱ्या गाळ्यापलीकडे जात नसे.

चहावाला टेप उलटी करताना म्हणाला, "काय आवाज हाय, आबा. कुनाची पोर असंल ही?"

"असंल कुनाची तरी," मी म्हणालो. कप अर्धाच ठेवून काट्याकडे वळलो.

एकदा वाशीच्या मैदानात तिचा कार्यक्रम होता. मी घरी न सांगता गेलो, सगळ्यात मागे जनरेटरजवळ उभा राहिलो. स्टेजवर ती इतकी लहान दिसत होती. मला वाटलं, आता जोरात गाईल. ती अगदी हळू गायली, शेजारी बसलेल्या माणसाला काही सांगावं तशी. तेवढं मोठं मैदान गप्प झालं. माझ्यापुढे एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती, ते रडत होतं, तेही थांबलं. हे माझ्या घरात जन्मलं, माझ्या पत्र्याच्या डब्यातली भाकरी खाऊन वाढलं, यावर माझा विश्वास बसेना. मी देवळात असा कधी उभा राहिलो नाही. कार्यक्रम संपल्यावर लोक स्टेजकडे धावले. मी उलट्या दिशेनं चालत घरी गेलो.

दुसऱ्या कॅसेटवर तिचा चेहरा होता. गाणं टीव्हीवर दिसायला लागलं, तेव्हा मंडळात कुणीच मला काही विचारलं नाही. थोड्या दिवसांनी तात्याच म्हणाले, "हणमंता, तू लई पोचलेला. आडनाव झाकून पोरगी जपलीस." मी मान हलवली. तीच तुमची गोष्ट. ती मी रचली नाही, पण मान माझी हलली.

शालननं आणखी तीन-चार कॅसेटी केल्या. मग ती लाट ओसरली, कॅसेटीच गेल्या. आता ती दुसऱ्यांसाठी गाणी बांधते आणि मुलांना शिकवते. सणासुदीला, लग्नाकार्यात आम्ही भेटत राहिलो. "आबा, गोळ्या घेता ना," एवढं बोलायची. तिच्या बेलापूरच्या घरी तिची आई जायची. मी कधी गेलो नाही. आता तिची आईही नाही.

शालीचं आमंत्रण आल्यावर मी तिला फोन केला आणि बैठकीत मी तिला नाकारलं हे पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं. म्हणालो, मी सगळ्यांना खरं लिहितो, तू आता पूर्ण नाव लाव. ती म्हणाली, "लिहा, आबा. पण नाव आता राहू दे. लोकांनी मला नुसत्या शालन नावानंच हाक मारलीय, तेच माझं झालंय." मग म्हणाली, "घरी या एकदा. मी यायची वाट बघू नका."

तेव्हा शाल मला नको. द्यायचीच असेल तर तिला विचारा, तिला वाटलं तर येईल.

लोक विचारतात, गावी कधी परत येणार. गावचं घर आहे, कोपरखैरण्यातलंही आहे. दोन्हीकडे मला कुणी अडवत नाही, कुणी विचारतही नाही. परवा बेलापूरला गेलो. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. पोरगेला होता, बाहेरगावचा. कुणाकडे जायचं, मी सांगितलं. त्यानं फोन उचलला आणि विचारलं, "कोण आलंय म्हणून सांगू?"

वजनं पुकारायचो त्या आवाजात मी म्हणालो, "तिचा बाप."

तो दचकला. मग फोनमध्ये म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील आलेत." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन ठेवला आणि गेट उघडलं.